उलटणार नाही आणि गोल फिरणार नाही अशी शिडाची खेळण्यातली होडी: मापं, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

घरी केलेली शिडाची होडी पाण्यात सोडली की बहुतेकदा तीनपैकी एक प्रकार होतो. ती आडवी पडते, स्वतःभोवती गोल फिरते, नाहीतर शीड फडफडवत जागच्या जागी उभी राहते. मग घरातली मोठी माणसं शीड मोठं करतात, काठी उंच करतात आणि होडी आणखी लवकर आडवी होते. मूल दोन वेळा वाट पाहतं आणि तिसऱ्या वेळी कागदाची होडी मागतं.

दोष सहसा शिडात नसतो, क्रमात असतो. शीड दिसायला सुंदर असतं म्हणून ते आधी केलं जातं आणि तळाचं वजन शेवटी आठवतं. खालचा क्रम याच्या बरोबर उलट आहे. आधी तळ, मग पाण्यातली परीक्षा आणि शीड सगळ्यात शेवटी. मापं ३० सेंटिमीटर लांबीच्या होडीची आहेत आणि ती एकमेकांशी बांधलेली आहेत. पहिल्या होडीत एकही बदलू नका.

काम पाच-सहा तासांचं आहे, पण मध्ये वाळायला वेळ जातो. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत आठवड्यात होडी तयार होते. जुलैत हाताशी दोन आठवडे ठेवा.

## आधी चार शब्द

होडीचं पुढचं टोक म्हणजे नाळ. उभी काठी ती डोलकाठी आणि शिडाच्या खालच्या कडेची काठी ती आडकाठी. होडीच्या पोटातून खाली उतरणारी उभी फळी म्हणजे तळपातं. तळपात्याला लावलेल्या वजनाला आपल्याकडे जुना शब्द आहे, नीरम. खालची सगळी अंतरं नाळेच्या टोकापासून मोजलेली आहेत.

## सामान

- टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल, किमान ३२ × १० सेमी, जाडी ३.५ सेमी. नवा विकत आणू नका, सोसायटीत कोणाकडे तरी पडलेला असतोच. दाबल्यावर खोल वळ न उठणारा, घट्ट दाण्यांचा तुकडा निवडा.
- ३ मिमी प्लायवूड, साधारण ३० × २० सेमी. भवानी पेठेत टिंबर मार्केटकडे किंवा शेजारच्या सुताराकडे एवढा उरलेला तुकडा मिळून जातो.
- २५ × ५ मिमी लोखंडी पट्टीचे ८ सेमीचे दोन तुकडे. ग्रिल करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून घ्या आणि प्रत्येकात ५ सेमी अंतरावर ५ मिमीची दोन भोकंही तिथेच पाडून घ्या. घरच्या ड्रिलने हे काम करत बसू नका.
- ४ मिमी जाडीचे, २० मिमी लांब दोन बोल्ट, नट आणि वॉशर.
- गोल लाकडी काठी, ६ मिमी जाड, ४० सेमी लांब. आडकाठीसाठी १९ सेमीची बांबूची कामटी.
- जुन्या बॉलपेनची नळी. काठी घ्यायला जाताना ही नळी खिशात ठेवा आणि काठी तिच्यात घट्ट सरकते का ते दुकानातच पाहा.
- सायकलचा एक जुना स्पोक आणि बॉलपेनची रिकामी रिफिल.
- जुन्या छत्रीचं नायलॉनचं कापड.
- फेविकॉल मरीन, एम-सील, बारीक तांब्याची तार, गळाची नायलॉन दोरी, शर्टाचं चार भोकांचं बटण, १२० नंबरचा सँडपेपर.
- घराच्या बाहेरच्या भिंतीला लावतात तो अ‍ॅक्रिलिक इमल्शन रंग. रंगकामानंतर डब्यात उरलेला पुरतो.

बोल्ट, वॉशर, तार असा किरकोळ माल रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एका फेरीत होतो.

इशारा: फेव्हिक्विक, रबरी गोंद, स्प्रे पेंट, थिनर आणि टर्पेंटाइन थर्माकोल खातात. एका थेंबाने बोटाएवढा खड्डा पडतो. साधा पांढरा फेविकॉल थर्माकोल खात नाही, पण पाण्यात पुन्हा मऊ होतो. म्हणून मरीनच घ्या.

इशारा: वजनासाठी शिसं वापरू नका. मासेमारीची शिशाची वजनं छोटी आणि सोयीची असतात, पण शिसं विषारी आहे आणि हे खेळणं मुलाच्या ओल्या हातात राहणार आहे.

## टप्पा १: साचा आणि डेक

कागद उभा अर्धा दुमडा. घडीच्या रेषेवर ३० सेमी मोजा आणि दर ५ सेमीवर घडीपासून हे अंतर मांडा: ० वर ०, ५ वर २.३, १० वर ३.८, १५ वर ४.५, २० वर ४.५, २५ वर ४ आणि ३० वर ३ सेमी. बिंदू हाताने गोलाईत जोडा, दोन्ही थर एकदम कापा आणि घडी उघडा. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या मिळतात. पूर्ण आकार एकदम काढायला गेलात तर एक कुशी हमखास फुगते आणि होडी आयुष्यभर एकाच बाजूला वळते.

हा साचा प्लायवर ठेवून डेक, म्हणजे होडीचं वरचं सपाट झाकण, कापा आणि मधली रेषा पेन्सिलने ठळक आखा. पुढची सगळी मोजमापं तिच्यावर होतील.

डेकला भोकं आत्ताच पाडा:

- डोलकाठीसाठी मधल्या रेषेवर तीन, ७.८, ९ आणि १०.२ सेमीवर. भोक पेनच्या नळीच्या बाहेरच्या जाडीचं.
- सुकाणूसाठी २८ सेमीवर एक, रिफिलच्या जाडीचं.
- तांब्याच्या तारेच्या पाच कड्यांसाठी जोडभोकं: नाळेशी १ सेमीवर, ११.२ सेमीवर आणि २३ सेमीवर मधल्या रेषेत, शिवाय दोन्ही कडांना १०.५ सेमीवर एकेक.

कड्या ओवून तार खालच्या अंगाला पिळा आणि वर एम-सीलचा ठिपका द्या. डेक चिकटल्यावर आठवण झाली तर वरून हुक खुपसावे लागतात. ते थर्माकोलमध्ये धरत नाहीत आणि पहिल्याच वाऱ्यात उपटून येतात.

## टप्पा २: होडीचं पोट

डेक थर्माकोलवर ठेवून कडेने रेघ मारा. कटरचं नवं पातं लावा. पहिल्या फेरीत अर्धा सेंटिमीटरच खोल जा, मग त्याच रेघेतून पुन्हा पुन्हा. एका दमात आरपार कापायला गेलं की दाणे उपटतात. गरम तारेने काप सफाईदार येतो, पण धूर वाईट असतो. मुलं शेजारी बसलेली असताना तो प्रकार नकोच.

आता तळाला आकार द्या. पुढचे १० सेमी खालून नाळेकडे चढत न्या, मागचे ६ सेमी थोडे कमी. खालच्या दोन्ही कडा सँडपेपरने अंगठ्याएवढ्या गोल करा.

नंतर मधल्या रेषेवर १२ ते २१ सेमीपर्यंत ३ मिमी रुंदीची आरपार खाच पाडा. डोलकाठीच्या तीन भोकांखाली थर्माकोलमध्ये ३ सेमी खोल भोकं पाडा. सुकाणूचं भोक मात्र आरपार हवं.

तपासणी: खाच सरळ आहे की नाही ते पोट उलटं करून, नाळेकडून एक डोळा मिटून पाहा. दोन मिलिमीटरचा तिरकेपणाही सुकाणूसारखं काम करतो. खाच वाकडी असेल तर नवं पोट कापा. एवढा थर्माकोल तुमच्याकडे आहे.

## टप्पा ३: तळपातं

प्लायचा ९ सेमी रुंद आणि १४.५ सेमी उंच तुकडा घ्या. यातले वरचे ३.५ सेमी पोटात जातील आणि ११ सेमी खाली लोंबतील. खालच्या कडेपासून १.५ सेमी वर बोल्टसाठी दोन भोकं हवीत, एकमेकांपासून ५ सेमीवर. ती गोल न ठेवता कानशीने आडवी, दीड सेमी लांब करा. नीरम पुढे-मागे सरकवायची सोय इथेच करून ठेवायची असते. हे केलं नाही तर होडी नाळेवर झुकल्यावर मागच्या बाजूला नाणी चिकटवत बसायची वेळ येते.

लोंबणाऱ्या ११ सेमी भागाला रंगाचे दोन हात द्या. प्लायच्या कडा आणि भोकांच्या आतल्या बाजू विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. वरचे ३.५ सेमी कोरे ठेवा, तिथे गोंद बसायचा आहे. लोखंडी पट्ट्यांना रेड ऑक्साइड (लोखंडाला गंज चढू न देणारा रंग) लावून वाळू द्या.

## टप्पा ४: जोडणी

इथला क्रम बदलू नका.

१. तळपात्याची वरची कड डेकच्या खालच्या अंगाला, मधल्या रेषेवर १२ ते २१ सेमीपर्यंत एम-सीलने चिकटवा. कंपासपेटीतला गुण्या दोन्ही बाजूंनी लावून ते काटकोनात उभं असल्याची खात्री करा आणि पुस्तकांच्या आधाराने रात्रभर तसंच ठेवा.

२. जोडाच्या कोपऱ्यात एम-सीलची जाडी उठते. तिला जागा मिळावी म्हणून पोटातल्या खाचेच्या वरच्या कडा थोड्या तिरक्या कापा. एवढं राहिलं तर डेक पोटावर टेकत नाही आणि फट राहते.

३. पेनच्या नळीचे तीन तुकडे आणि रिफिलचा तुकडा आपापल्या भोकांत एम-सीलने बसवा.

४. थर्माकोलवर फेविकॉल मरीन पसरून तळपातं खाचेतून खाली उतरवा. डेक पोटावर दाबा, वर दोन जाड पुस्तकं ठेवा आणि चोवीस तास हात लावू नका. थर्माकोल हवा जाऊ देत नाही, त्यामुळे मधला गोंद कडेपेक्षा खूप उशिरा वाळतो.

५. तळपातं पोटातून बाहेर पडतं तिथली फट चारही बाजूंनी एम-सीलने बंद करा.

## टप्पा ५: कागदाची कातडी आणि रंग

वर्तमानपत्राच्या २ सेमी रुंद पट्ट्या, निम्मं फेविकॉल मरीन आणि निम्मं पाणी. पट्ट्या आडव्या लावा, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर थोडी चढवा आणि वर डेकच्या कडेवर १ सेमी दुमडा. पहिला थर पूर्ण वाळला की दुसरा उभा लावा. हे काम मुलांचं आहे, त्यांनाच करू द्या. पट्टी वाकडी लागली तरी काही बिघडत नाही, बुडबुडा राहिला तर बिघडतं. बुडबुडे बोटाने कडेकडे ढकलायला शिकवा.

कातडी खडखडीत वाळल्यावर इमल्शनचे तीन हात पोटाला आणि डेकला. शेवटच्या हातानंतर चार दिवस पाणी लावायचं नाही. रंग हाताला तासाभरात कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला वेळ घेतो.

या चार दिवसांत मुलांना होडीचं नाव ठरवू द्या आणि त्यांच्या अक्षरात नाळेजवळ लिहू द्या.

## टप्पा ६: शिडाआधीची पाण्यातली परीक्षा

घाईत सोडून दिला जाणारा टप्पा हाच. पट्ट्या तळपात्याच्या दोन्ही बाजूंना बोल्टने कसा. दोन्ही मिळून बोल्टांसकट साधारण १७० ग्रॅम होतात. डोलकाठी मधल्या नळीत उभी करा. किमान २० सेमी पाणी असलेल्या मोठ्या टबात होडी ठेवा. बादलीत ती मावत नाही आणि उथळ परातीत तळपातं टेकतं.

तपासणी अ. पोट साधारण दीड सेमी बुडलं पाहिजे. अडीचच्या पुढे गेलं तर कातडीने पाणी प्यायलंय किंवा एम-सीलचा भार जास्त झालाय.

तपासणी आ. नाळ खाली गेली असेल तर बोल्ट सैल करून पट्ट्या मागे सरकवा, मागची बाजू बसली असेल तर पुढे. डाव्या-उजव्या बाजूचा किरकोळ कल डेकच्या कडेला एक नाणं टेपने चिकटवून पाहा. एम-सीलचा गोळा मग पट्टीवर त्याच बाजूला लावा. तिथे तो मधल्या रेषेच्या खूप जवळ येतो, म्हणून नाण्याच्या कितीतरी पट वजन लागेल.

तपासणी इ. डोलकाठीचं टोक बोटाने पाण्याला टेकवा आणि सोडा. होडी झटकन उभी राहिली पाहिजे. उठायला रेंगाळत असेल तर शीड लावू नका, ती होडी वाऱ्यात उठणार नाही. कारण बहुधा एकच असतं: पट्ट्या तळपात्याच्या अगदी खाली न लावता मध्यावर लावलेल्या असतात. तेच १७० ग्रॅम ५ सेमी वर लावले की सावरण्याची ताकद जवळपास निम्मी होते. वजन वाढवण्याआधी ते खाली न्या.

तपासणी ई. पाण्याच्या रेषेवर, पोटाच्या बाजूला बोट टेकवून होडी हळूच आडवी ढकला. नाळ आधी पळाली तर बोट मागे घ्या, मागची बाजू आधी पळाली तर पुढे. जिथे ढकलल्यावर होडी न फिरता सरळ आडवी सरकते तिथे डेकवर पेन्सिलची खूण करा. ती १६ ते १७ सेमीच्या आसपास येईल. शिडाची जागा ठरवताना हीच खूण लागते.

## टप्पा ७: सुकाणू

स्पोकच्या खालच्या टोकाला ४ × ५ सेमीचा टणक प्लॅस्टिकचा तुकडा एम-सीलने बसवा. स्पोक खालून रिफिलमध्ये घालून वर काढा आणि डेकच्या अर्धा सेमी वर पुढच्या दिशेने काटकोनात वाकवा. पुढे ४ सेमी ठेवून बाकी कापा आणि टोक गोल करा. स्पोक रिफिलमध्ये घट्ट फिरला पाहिजे. सैल असेल तर आतून मेणबत्तीचं मेण चोळा. बसवून झाल्यावर सुकाणू सरळ ठेवा आणि तूर्त त्याला हात लावू नका.

## टप्पा ८: शीड

छत्रीचं कापड पाणी पीत नाही, हलकं असतं आणि वाऱ्याने ताणत नाही. जुनं सुती धोतर किंवा रुमाल नको. एकदा भिजला की काठीच्या टोकावर ओलं वजन लटकतं आणि मघाशी केलेली सगळी मेहनत वाया जाते.

त्रिकोण असा: डोलकाठीकडची कड ३० सेमी, खालची १८ सेमी, मध्ये काटकोन. कापडाचे उभे धागे मागच्या तिरक्या कडेला समांतर येतील असं कापा, नाहीतर तीच कड ताणून झालरीसारखी फडफडते. डोलकाठीकडची कड सरळ न कापता मध्यावर ४ मिमी बाहेर फुगवा. सरळ काठीला बांधल्यावर ही गोलाई शिडात पोट आणते. सपाट शीड वारा नुसता अडवतं, पोट असलेलं शीड ओढतं. कडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरकन फिरवून बंद करा. हे मोठ्यांनीच करायचं.

डोलकाठीला शीड पाच ठिकाणी दोऱ्याच्या सैल फासांनी बांधा. आडकाठी डेकपासून ४ सेमी वर. तिच्या पुढच्या टोकाला जेम क्लिपच्या तारेचा वेढा करून तो डोलकाठीभोवती ढिला ठेवा, खाली घसरू नये म्हणून काठीला एम-सीलची पाळ द्या. फुंकर मारल्यावर आडकाठी दाराच्या बिजागरीसारखी दोन्हीकडे फिरली पाहिजे. अडखळत असेल तर वेढा मोठा करा.

आता दोऱ्या:

- डोलकाठीवर २८ सेमी उंचीवरून तीन ताण: एक नाळेच्या कडीला, दोन बाजूंच्या कड्यांना. काठी समोरून पाहता अगदी उभी हवी.
- ११.२ सेमीच्या कडीपासून आडकाठीवर डोलकाठीपासून ४ सेमी अंतरावर एक दोरा. तो आडकाठी वर उचलू देत नाही. नसला तर वारा येताच शीड वर गोळा होतं.
- शीड आवरायची दोरी: आडकाठीवरून खाली आणा, बटणाच्या एका भोकातून घालून दुसऱ्यातून काढा, मग २३ सेमीच्या कडीतून ओवून वर आणा आणि टोक बटणाच्या तिसऱ्या भोकात बांधा. बटण वर-खाली सरकवलं की दोरी आखूड-लांब होते आणि सोडलं की तिथेच अडकतं. गाठी सोडवत बसायला नको, सहा-सात वर्षांचं मूलही हे एकट्याने करतं.

तपासणी: शिडाचा मध्य डोलकाठीपासून शिडाच्या खालच्या कडेच्या एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे ६ सेमी मागे येतो. काठी मधल्या नळीत असेल तर तो सुमारे १५ सेमीवर पडतो. टप्पा ६ मधल्या खुणेच्या एक-दीड सेमी पुढे तो असला पाहिजे. नसेल तर नळी बदला.

## टप्पा ९: पाणी आणि वारा

मुळा-मुठेत होडी सोडू नका, पाणी हाताला लावण्याजोगं नाही. पाषाण आणि कात्रजच्या तलावांत जलपर्णी आणि काठाचा गाळ असतो. अडकलेल्या होडीमागे मूल एक पाऊल पुढे टाकतं, भीती त्या पावलाची आहे. खडकवासल्याला वारा सुंदर असतो, पण काठापासून पाणी एकदम खोल होतं. तिथे मुलाला घेऊन पाण्याशी खेळायचंच नाही. चांगल्या जागा दोन: सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाचा मुलांचा उथळ भाग, रिकामा असताना, किंवा हवा भरायचा दोन मीटरचा टब. पाणी उथळ असलं तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं.

टब गच्चीवर ठेवणार असाल तर कठड्यापासून लांब, मधोमध ठेवा. कठड्यामागे वारा भोवरा घेतो आणि त्या भोवऱ्यात कोणतीच होडी सरळ जात नाही. टाकीच्या आडोशाचंही तेच. उन्हाळ्यात दुपार कलल्यावर पश्चिमेकडून झुळूक सुरू होते, ती वेळ उत्तम. पावसाळी वारा पहिल्या दिवसासाठी फार जोराचा. हिवाळ्यातली सकाळ बहुधा निपचित असते. उदबत्ती लावून पाहा: धूर एका बाजूला झुकतोय पण तुटत नाही, इतका वारा पुरे.

मोठ्या पाण्यावर ११.२ सेमीच्या कडीला गळाची लांब दोरी बांधा. नाळेला किंवा मागे बांधली तर तीच होडीला वळवते.

## टप्पा १०: सोडणं आणि जुळवणं

वारा मागून घेऊन सोडणं सोपं वाटतं आणि जवळपास सगळे तिथूनच सुरुवात करतात. एका शिडाच्या होडीला तीच दिशा सगळ्यात अवघड. शीड एका बाजूला पसरतं आणि होडी गर्रकन वळते. सुरुवात आडव्या वाऱ्यावर करा. वारा बरोबर कुशीवर येईल अशी होडी धरा, आडकाठीचं टोक मधल्या रेषेपासून १२ सेमी बाहेर जाईल एवढी दोरी सोडा आणि हात काढून घ्या. ढकलू नका.

दोरीचा नियम एवढाच: शिडाची पुढची कड फडफडेपर्यंत सोडा, मग फडफड थांबेल इतकीच ओढा. मुलाला हे ऐकून कळतं, बघण्याआधीच. फडफडीचा आवाज बंद झाला की होडी निघते.

होडी वाऱ्याकडे तोंड करून थांबत असेल तर आधी दोरी थोडी सोडा. तरीही तेच होत असेल तर डोलकाठी एक नळी पुढे न्या.

होडी वाऱ्याकडे पाठ करून पळत असेल तर काठी एक नळी मागे.

एका बाजूला जाताना सरळ आणि परत येताना वाकडी जात असेल तर काठी बदलू नका. सुकाणू मधोमध नाही, किंवा तळपातं तिरकं आहे. सुकाणू थोडं वळवून दोन्ही बाजू सारख्या करा.

खूप कलत असेल आणि टप्पा ६ ची परीक्षा पास झाली असेल, तर वारा जास्त आहे. १४ सेमी खालची कड आणि २३ सेमी उंचीचं दुसरं छोटं शीड करून ठेवा. मध्य पुढे सरकतो, म्हणून ते लावताना काठी एक नळी मागे घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्यानंतर तीनदा होडी सोडून पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे सुधारलं ते कळत नाही आणि पुढच्या रविवारी सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आडवा वारा जमला की दोरी आखडून आडकाठी ५ सेमीवर आणा आणि वाऱ्याच्या दिशेशी तिरकं वर जाऊन पाहा. होडी ज्या बाजूने वारा येतोय तिकडेच सरकताना पहिल्यांदा दिसते तेव्हा मुलं टबाच्या दुसऱ्या टोकाला धावतात. तिथे त्यांना स्वतः होडी पकडू द्या, स्वतः वळवू द्या आणि बटण त्यांनाच सरकवू द्या. चुकीचं लावलं तरी मध्ये हात घालू नका. होडी थांबेल, ती का थांबली हे ते विचारतील आणि पुढच्या वेळी बटण योग्य जागी नेतील. टबाच्या काठाला कपड्यांचे दोन चिमटे एक वीतभर अंतरावर लावून त्यांच्या मधून होडी नेऊन पोचवायचा खेळ लावला की संध्याकाळ अपुरी पडते.

## खेळून झाल्यावर

गोड्या पाण्याने धुवा. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन शिडाचं नायलॉन कमजोर करतं. डोलकाठी काढून नळ्या खाली करून पाणी निथळू द्या. शीड ओलं गुंडाळू नका. होडी तळपात्यावर उभी ठेवली तर जोडावर भार येतो. दोन उशांच्या मध्ये किंवा खोक्याला खाच पाडून पोटावर टेकवा. बोल्टजवळ गंज दिसला तर पट्ट्या उतरवून रेड ऑक्साइडचा आणखी एक हात द्या. कातडीला टोचा पडला असेल तर थर्माकोल पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस थांबा आणि मगच नवी पट्टी लावा. ओल्यावर लावलेली पट्टी पुढच्या खेळात सुटून येते.